जॅकी चॅन अमर झाला आणि मारामारीतला जीव गेला: ‘द मेडॅलियन’

‘द मेडॅलियन’ पाहिलेल्या प्रेक्षकांशी बोलताना एक तक्रार इतक्या वेळा कानी येते की तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी. ‘बाकी सगळे ठीक, पण यात जॅकी चॅन कुठे आहे?’ असे लोक विचारतात. तसे पाहिले तर जॅकी चॅन जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे. तोच धावतो, तोच उडतो, तोच लाथा झाडतो. तरीही ही तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते, आणि ती रास्त का आहे हे शोधू लागले की २००३ सालचा हा चित्रपट नेमका कुठे फसला तेही उलगडत जाते.

कथा थोडक्यात सांगतो. पुढे शेवटाचाही उल्लेख येणार आहे, हे चित्रपट न पाहिलेल्यांनी ध्यानात घ्यावे. एका विशिष्ट मुलाच्या हाती असलेले प्राचीन पदक मेलेल्या माणसाला पुन्हा जिवंत करू शकते आणि त्याला अमानवी बळही देऊ शकते. स्नेकहेड नावाचा गुन्हेगार (ज्युलियन सँड्स) त्या मुलाच्या मागावर आहे आणि हाँगकाँगचा पोलीस अधिकारी एडी यांग (जॅकी चॅन) मुलाला वाचवण्याची धडपड करतो आहे. मुलाला पळवून आयर्लंडला नेले जाते, म्हणून एडीही डब्लिन गाठतो. तिथे इंटरपोलचा वेंधळा अधिकारी वॉटसन (ली एव्हान्स) आणि एडीची जुनी प्रेयसी निकोल (क्लेअर फोर्लानी) त्याच्याबरोबर कामाला लागतात. मुलाचा जीव वाचवता वाचवता एडी पाण्यात बुडून मरतो, मुलगा पदकाच्या शक्तीने त्याला परत आणतो आणि तिथून पुढे आपला नायक मरू शकत नाही.

ही माहिती कागदावर वाचली तर अपेक्षा उंचावतात, कारण चित्रपटामागची माणसे सामान्य नव्हती. दिग्दर्शक गॉर्डन चॅन यांनी १९९४ मध्ये जेट लीला घेऊन ‘फिस्ट ऑफ लेजंड’सारखा कसदार मारामारीपट दिला होता. मारामारीच्या दृश्यांची आखणी सॅमो हंग यांच्याकडे होती, आणि सॅमो व जॅकी हे हाँगकाँगमधल्या एकाच पेकिंग ऑपेरा (गाणे, अभिनय आणि कसरती एकत्र असलेला पारंपरिक चिनी नाट्यप्रकार) शाळेत, एकाच गुरूच्या धाकाखाली लहानाचे मोठे झालेले गुरुबंधू. जॅकीचे शरीर काय करू शकते आणि ते कॅमेऱ्यासमोर कसे मांडावे, हे सॅमोंइतके जाणणारा माणूस शोधूनही सापडला नसता. अशा मंडळींच्या हातून इतका बेचव चित्रपट व्हावा, याचे मला आजही वाईट वाटते.

काही प्रेक्षक सगळा दोष जॅकीच्या वयावर टाकतात. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता आणि हाडे किती वेळा मोडली होती याची गणती त्याची त्यालाच ठाऊक, तेव्हा शरीर पूर्वीसारखे साथ देणार नाही हे खरेच. पण हे स्पष्टीकरण मला पटत नाही. त्याच वर्षी काही महिने आधी आलेल्या ‘शांघाय नाइट्स’मध्ये हाच माणूस भर बाजारात छत्री हाती घेऊन लढतो आणि त्या मारामारीला एखाद्या नृत्यासारखी लय असते. ‘द मेडॅलियन’मध्येही पूर्वार्धात डब्लिनच्या रस्त्यांवरून एका गुंडाचा पायी पाठलाग आहे, आणि वाटेतले अडथळे पार करत धावणाऱ्या जॅकीच्या हालचालींत जुना सहजपणा लख्ख दिसतो. अंगात कसब शिल्लक होते. त्या कसबाला काम देणारे प्रसंग चित्रपटाने फार थोडे लिहिले.

त्याहून अधिक लोक बोट दाखवतात ते तारांवरच्या उड्यांकडे आणि संगणकावर घडवलेल्या दृश्यांकडे. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत तारांच्या आधाराने केलेल्या मारामाऱ्यांनी जगभरातल्या प्रेक्षकांना वेड लावले होते आणि त्यानंतर हॉलिवूडच्या पैशातून होणाऱ्या जवळपास प्रत्येक कुंगफूपटात नायक हवेत तरंगू लागला. तारा वापरण्यात मुळात काही गैर नाही; हाँगकाँगने हे तंत्र कितीतरी दशके जोपासले आहे. मात्र ते एका प्रकारच्या चित्रपटाला शोभते आणि दुसऱ्याला शोभत नाही. खरोखर उडी मारणारा माणूस आधी गुडघ्यात वाकतो, जमिनीला रेटा देतो, आणि खाली येताना त्याचे सगळे वजन घोट्यांवर उतरते. आपला डोळा हे सारे नकळत टिपत असतो. कमरेला बांधलेल्या पट्ट्याने वर ओढलेल्या माणसाच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. तो पाय न रोवता वर जातो आणि वजन नसल्यासारखा खाली येतो. राजघराण्यांच्या आणि तलवारबाजांच्या दंतकथांत हे काव्यमय दिसू शकते, पण ज्याच्या प्रत्येक उडीचे मोल तिच्या खरेपणात आहे, त्या जॅकीच्या बाबतीत तेच दृश्य पाहणाऱ्याचा विश्वास उडवते. त्यात भर म्हणून दृश्ये इतकी तुकड्यातुकड्यांत कापली आहेत की ठोसा कुणी मारला आणि तो कुठे बसला, हे कळायच्या आत कॅमेरा दुसरीकडे गेलेला असतो. हाँगकाँगच्या उत्तम मारामाऱ्यांत दोन्ही लढवय्ये नखशिखान्त चौकटीत दिसतात आणि तीन-चार वार-प्रतिवार एका दमात पूर्ण होतात. इथे तशी मोकळी, श्वास घेणारी चौकट अभावानेच मिळते.

तरीही माझ्या मते घाव याहून खोल आहे आणि तो पटकथेतच घातला गेला आहे. जॅकी चॅनच्या मारामारीत आपण नेमके काय पाहतो? १९८३च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छपरे फाडत थेट जमिनीवर आदळतो, १९८५च्या ‘पोलीस स्टोरी’मध्ये विजेच्या दिव्यांनी वेढलेल्या खांबावरून घसरत खाली येतो, आणि या दोन्ही वेळी आपल्या पोटात गोळा येतो तो त्याला लागेल या भीतीने. त्याचा विनोदही याच भीतीच्या पोटी जन्मतो. ठोसा मारल्यावर त्याचीच मूठ दुखते, तो हात झटकतो, तोंड वेडेवाकडे करतो, समोरच्याला ‘थांब जरा’ असे खुणावतो, पळ काढतो आणि हाताला लागेल ती खुर्ची, शिडी, छत्री ढालीसारखी पुढे धरतो. अंगाने भक्कम, संख्येने जास्त असलेल्या शत्रूंपुढे एक साधा माणूस अक्कल, चपळाई आणि सहनशक्ती यांच्या जोरावर टिकून राहतो, हा त्या साऱ्या खेळाचा पाया आहे. हसू आणि काळजी एकाच वेळी वाटायला लावणे ही त्याची खासियत, आणि ती दुसऱ्या कुणाला फारशी साधलेली नाही.

अशा नटाला अमर करून टाकल्यावर उरते काय? एडी पुन्हा जिवंत झाला की त्याला दुखण्याचे कारण राहत नाही, पळण्याचे राहत नाही आणि शिडी किंवा खुर्ची उचलण्याचेही राहत नाही. ज्या क्षणी कथेने त्याला शक्ती दिली, त्याच क्षणी त्याच्याकडून विनोदाचे सगळे भांडवल काढून घेतले. पुढे स्नेकहेडही त्याच पदकाचा लाभ उठवतो, त्यामुळे शेवटच्या लढतीत मरू न शकणारे दोघे एकमेकांवर आदळत राहतात आणि प्रेक्षकाला कुणाचीच काळजी वाटत नाही. अनेक जण म्हणतात की शेवटच्या वीस मिनिटांत त्यांचे लक्षच उडाले. माझाही अनुभव तोच आहे, आणि त्याचे कारण संगणकीय दृश्यांच्या कच्चेपणाइतकेच या निर्धास्तपणातही आहे.

अद्भुतरस आणि कुंगफू यांचे जमतच नाही, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. याच सॅमो हंग यांनी १९८० मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’मध्ये भुते, मांत्रिक आणि उड्या मारत चालणारी प्रेते आहेत, आणि तरी त्यातली मारामारी अंगावर येते. त्यात एका प्रसंगी मांत्रिकाच्या प्रभावाखाली नायकाचा एक हात त्याच्याच ताब्यात राहत नाही आणि त्या बेबंद हातासह त्याला लढावे लागते. जादूने इथे नायकापुढे अडचण उभी केली, आणि त्या अडचणीतून हसूही आले व थरारही. ‘द मेडॅलियन’मधली जादू नायकाच्या अडचणी एकेक करून दूर सारत जाते. शिवाय त्या जादूचे नियम कधी धड सांगितले जात नाहीत. पदक केव्हा, कुणासाठी आणि किती काम करेल याचा अंदाज प्रेक्षकाला बांधता येत नाही, त्यामुळे निकोलचा मृत्यू होतो तेव्हाही फारसे हलायला होत नाही. ती परत येणार हे आपण गृहीत धरलेले असते आणि ती परत येतेच.

विनोदाबद्दल प्रेक्षकांची मते सर्वांत विभागलेली आहेत. ली एव्हान्स हा अंगविक्षेपांतून हसवणारा खरा गुणी कलावंत आहे, आणि कागदावर पाहिले तर दोन शारीर विनोदवीरांची ही जोडी जमायला हवी होती. प्रत्यक्षात वॉटसनच्या वाट्याला फक्त ओरडणे, अडखळणे आणि चिडणे आले आहे. एडीला त्याच्या गोंधळाला उत्तर देण्याची संधीच दिग्दर्शक देत नाही, म्हणून दोघे एकाच चौकटीत असूनही जणू वेगवेगळ्या चित्रपटांत काम करत असल्यासारखे भासतात. मला सर्वाधिक खटकले ते एडीच्या मृत्यूनंतरचे वळण. एका मुलासाठी प्राण देणारा माणूस, ही या कथेतली एकमेव खरोखर हेलावणारी घटना आहे, आणि ती घडून आपण सावरण्याआधीच शवागारातल्या गमतीजमती सुरू होतात. थोडी शांतता राखली असती, वॉटसनच्या चेहऱ्यावरचे दुःख दोन क्षण दिसू दिले असते, तर नंतरच्या गोंधळाला आपण मनापासून हसलो असतो.

इतर गोष्टींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खलनायक देखणा आणि थंड आहे, पण त्याला अमरत्व कशासाठी हवे हे विचारायचे राहूनच जाते. एडी आणि निकोलचे जुने प्रेम दोन-चार वाक्यांत उरकले आहे. जॉन ऱ्हीस-डेव्हिस आणि अँथनी वाँग यांच्यासारख्या अनुभवी नटांना हातात काहीच दिलेले नाही. वॉटसनच्या बायकोचे काम करणारी ख्रिस्टी चुंग ऐनवेळी लढवय्यी निघते, तो प्रसंग मात्र छान जमला आहे, कारण तिथे साध्यासुध्या गृहिणीकडून काही अनपेक्षित घडते आणि क्षणभर का होईना, हाँगकाँगची खोडकर चव जिभेवर येते. हा धागा चित्रपटाने पुढे ताणायला हवा होता.

चित्रपटाची बाजू घेणारेही प्रेक्षक आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. दीड तासाच्या आसपासची लांबी, भडक रक्तपाताचा अभाव, मध्यवर्ती भूमिकेत एक गोड मुलगा आणि अजिबात न रेंगाळणारा वेग यांमुळे लहान मुलांबरोबर बसून पाहण्यास तो बरा आहे, असे ते म्हणतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला उंचावरून उडी मारूनही काही न होणारा नायक आवडेल, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच मुलाला जॅकी चॅनची पहिली ओळख या चित्रपटातून करून देऊ नये, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे. आधी ‘प्रोजेक्ट ए’ दाखवावा, मनोऱ्यावरून पडणाऱ्या माणसाकडे ते मूल डोळे विस्फारून कसे पाहते ते बघावे. त्यानंतर ‘द मेडॅलियन’ लावायचाच असेल, तर डब्लिनमधल्या त्या पायी पाठलागापाशी थोडे थांबून तो पुन्हा एकदा मागे नेऊन पाहावा. त्या काही मिनिटांत तारा नाहीत, पदक नाही, आणि धाप लागलेला जॅकी चॅन आहे.