उड्यांच्या शर्यतींची ‘स्टेबल टूर’: वर्गणी ऑक्टोबरात भरा, जानेवारीत बंद करा

कोल्हापुरात घोड्याचा नाद कुणाला नवा नाही. पण घोडा पाठीवर जॉकी घेऊन साडेचार फुटी कुंपणं ओलांडत पाच किलोमीटर पळतो, आणि त्या शर्यतींच्या बातम्या मी पौंडात वर्गणी भरून वाचतो, असं सांगितलं की लोक एकदा माझ्याकडं आणि एकदा माझ्या मोबाइलकडं बघतात. मी पशुवैद्यक. सरकारी नोकरी संपली, आता रेसकोर्स नाक्याजवळ घरीच असतो. (नाक्याला नाव राहिलंय, रेस नाही.) हयात म्हशी-बैलांत गेली, मधूनमधून घोडागाडीच्या शर्यतीतले घोडे तपासायला मिळाले. त्यामुळं हे परीक्षण पैसे लावणाऱ्याचं नाही. घोडा दिसला की आधी त्याच्या पायाकडं बघणाऱ्या माणसाचं आहे.

सेवा म्हणजे इंग्लंड-आयर्लंडच्या रेसिंगवरचं एक ॲप. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही. वर्षभर त्यात निकाल, बातम्या, रेसकार्ड (त्या दिवशीच्या शर्यती आणि घोड्यांची यादी) वगैरे असतं, ते सोडून द्या. माझ्या कामाची एकच गोष्ट: सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत येणारी स्टेबल टूर. वार्ताहर एकेका मोठ्या ट्रेनरच्या पागेत जातो आणि एकेक घोडा पुढं घेऊन विचारतो. उन्हाळा कसा गेला, पहिली शर्यत कुठली, त्यानंतर कुठं. विली मलिन्स यांची आयर्लंडमधल्या कार्लो काउंटीतली पागा, निकी हेंडरसन यांची लॅम्बोर्नची, पॉल निकल्स यांची सॉमरसेटमधल्या डिचीटची. एकेका पागेतले चाळीस-पन्नास घोडे येतात आणि प्रत्येकाला दोन ओळींपासून एका परिच्छेदापर्यंत जागा मिळते.

आपल्याला हे वेळापत्रक आधी उलटं वाटतं. तिकडं उड्यांचा सिझन एप्रिलअखेर संपतो. मोठे घोडे मे-जूनमध्ये कुरणात सोडतात, जुलैच्या आसपास परत पागेत आणतात. मग कित्येक आठवडे नुसतं चालणं आणि दुडक्या चालीनं रस्त्यावरचं काम, त्यानंतर चढावर गॅलप (वेगाची दौड), मग कुंपणांवर स्कूलिंग, म्हणजे उड्यांचा सराव. ऑक्टोबरात घोडा तयार असतो, पण जमीन तयार नसते. उन्हाळ्यानं ती कडक झालेली असते आणि कडक जमिनीवर अर्धा टन वजन उडी मारून उतरवायला शहाणा ट्रेनर धजत नाही. पुढच्या पायाच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, सगळा भार येतो. आमच्याकडं पाऊस संपला की मैदानं सुरू होतात, त्यांच्याकडं पाऊस सुरू झाला की. म्हणून टूरमध्ये जवळपास प्रत्येक घोड्यापुढं ‘जमीन ओली झाली तर’ ही अट येते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती पळवाट वाटेल. माझ्या मते ते या पानांवरचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे.

कळंब्याचा एक मित्र आहे, शर्यतीचा घोडा बाळगून असलेला. संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो की मी त्याला टूर वाचून दाखवतो, इंग्रजीतलं तिथल्या तिथं मराठीत करून. मलिन्स यांचा मजकूर ऐकताना तो म्हणाला, “डॉक्टर, ह्यो गडी परत्येक घोड्याला दोन-दोन शर्यती सांगतोय. नक्की कुठं पळीवणार त्ये सांगंना की.” मग जरा थांबून, “बरोबर हाय म्हणा. वस्ताद कधी खरं बोलतोय व्हय?”

टूर वाचायची किल्ली त्याच्या या बोलण्यात आहे. खासबागेत मोठी कुस्ती धरायची असली तर आमचे वस्ताद पठ्ठ्याला आधी एखाद्या गावच्या जत्रेत उतरवतात. तिथं तो कसा लढला यावरून खासबागेचं भाकीत करणारा माणूस फसतो. टूरमधली पहिली शर्यत तशीच घ्यायची. तिच्यापेक्षा दुसऱ्या शर्यतीचं नाव महत्त्वाचं.

गॅलोपां दे शां हा मलिन्स यांचा घोडा घ्या. २०२३ आणि २०२४ साली चेल्टनमचा गोल्ड कप, उड्यांच्या शर्यतींतला सगळ्यात मोठा मान, त्यानं जिंकला. २०२३च्या नोव्हेंबरात पंचेसटाउनला जॉन डर्कन चेसमध्ये (चेस म्हणजे मोठ्या कुंपणांवरची शर्यत), साधारण चार किलोमीटरवर, तो तिसरा आला. ‘घोडा उतरला’ अशी चर्चा लगेच सुरू झाली. महिनाभरानं डब्लिनजवळच्या लेपर्डस्टाउनला पावणेपाच किलोमीटरच्या सॅव्हिल्स चेसमध्ये तोच घोडा तेवीस लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर) जिंकला आणि मार्चमध्ये गोल्ड कप घेऊन गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच: नोव्हेंबरात डर्कनला तिसरा, डिसेंबरात सॅव्हिल्सला पहिला. ट्रेनरनं पहिल्या शर्यतीला कमी अंतर दिलं आणि घोड्याचा दम दुसरीसाठी राखला, एवढंच मी त्यातून घेतो. अशा माणसाच्या टूरमध्ये पहिल्या शर्यतीच्या नावाखाली लाल रेघ मारण्यात अर्थ नाही.

हेंडरसन यांचं पान वाचताना सावध राहावं लागतं, आणि त्याचं कारण वेगळं आहे. त्यांच्या योजना स्पष्ट असतात, पण त्या घोड्याच्या तब्येतीपुढं आणि हवामानापुढं मोडतात. त्यांच्या कॉन्स्टिट्यूशन हिल या घोड्याची पहिली शर्यत म्हटली की न्यूकॅसलची फायटिंग फिफ्थ हर्डल असायची (हर्डल म्हणजे बुटक्या अडथळ्यांवरची शर्यत). २०२२ साली तो तिथं पळला आणि जिंकला. २०२३ साली दहिवरानं मैदान गोठलं, शर्यत आठवडाभरानं सँडाउनला नेली, तिथं चिखल फार म्हणून त्याला काढून घेतलं. २०२४ साली तो आयत्या वेळी लंगडला आणि त्याच्या जागी पागेतला सर जिनो धाडला, तोच जिंकून आला. दोन्ही वर्षी कॉन्स्टिट्यूशन हिल थेट २६ डिसेंबरला केम्प्टनच्या ख्रिसमस हर्डलला उतरला आणि दोन्ही वेळा जिंकला. त्या दोन वर्षांत योजना कागदावर होती तशी एकदाही झाली नाही, घोडा मात्र होता तिथंच होता.

कधी पहिलीच शर्यत सगळा सिझन फिरवते. हेंडरसन यांचाच आल्टिअर उड्यांच्या शर्यतीत सलग १९ वेळा जिंकलेला, पण मुख्यतः दोन मैलांचा घोडा. २०१९च्या हिवाळ्यात त्याला लांब पल्ल्यावर न्यायचं ठरलं, नजर केम्प्टनच्या तीन मैलांच्या किंग जॉर्ज चेसवर. नोव्हेंबरात ॲस्कटला दोन मैल पाच फर्लांगांवर, ओल्या जमिनीत, निकल्स यांच्या सिरनेमनं त्याला हरवलं. विजयांची मालिका तुटली आणि किंग जॉर्जही राहिली. ती लढत मी परत परत बघितली आहे. शेवटच्या टप्प्यात आल्टिअरची मान आणि पोटाची हालचाल बघा. घोड्याचं इंजिन छोट्या पल्ल्याचं आहे हे कुठलंही पान वाचण्यापेक्षा तिथं लवकर कळतं.

नावाजलेल्या घोड्यांची पानं मी आता वरवर वाचतो. त्यांच्याबद्दलचं सगळं बाहेर फुकटात मिळतं. वर्गणी वसूल होते ती नवख्या घोड्यांच्या यादीत. ढोबळ नियम असा की सिझन सुरू होण्याआधी हर्डलवर जिंकला नसेल तो हर्डलचा नवखा, कुंपणावर जिंकला नसेल तो चेसचा नवखा. त्यामुळं मागच्या वर्षी हर्डलवर गाजलेला घोडा ऑक्टोबरात एकदम चेसचा नवखा म्हणून समोर येतो आणि ट्रेनरला ठरवावं लागतं: हर्डलवरच ठेवायचा की मोठ्या कुंपणांवर न्यायचा. टूरमध्ये हा निर्णय घोड्यागणिक वाचायला मिळतो. बांधा, उंची, स्कूलिंगला कसा उडाला, घाई करतो का. माझ्यासारख्याला यात खरी गोडी.

आणि जो घोडा यादीत नसतो तो बघा. ॲपमध्ये जुन्या वर्षांच्या टूर राहतात, ही मोठी सोय. मागच्या वर्षीची यादी शेजारी ठेवायची आणि कोण गळालं ते शोधायचं. विकला, निवृत्त झाला की पायाला काही झालं? ‘थोडीशी अडचण, यंदा दिसणार नाही’ एवढंच लिहिलं असेल तर मी टेंडन समजतो. टेंडन दुखावला की घोड्याचा अख्खा सिझन जातो, पुष्कळदा वर्षही. शीर सुजलीय, लेप लावून पुढच्या रविवारी पळवू, असं म्हणणाऱ्या आमच्या शौकिनांना मी हे पान मुद्दाम दाखवतो.

घशाच्या शस्त्रक्रियेचंही तसंच. पळताना घरघर करणाऱ्या घोड्याचं स्वरयंत्र नीट उघडत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्याच्यावर शस्त्रक्रिया करतात. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८पासून अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर रेसकार्डावर जाहीर करावी लागते. पण रेसकार्ड येतं शर्यतीच्या तोंडावर. टूरमध्ये बरेच ट्रेनर ऑक्टोबरातच सांगून मोकळे होतात. मागच्या सिझनला शेवटच्या दोन कुंपणांत थांबणारा घोडा आणि त्यापुढं ही ओळ दिसली की मी ते नाव वहीत लिहून ठेवतो.

आता तक्रारी. पहिली छायाचित्रांची. प्रत्येक घोड्याचा फोटो असतो, पण फक्त तोंडाचा. अहो, पाय दाखवा. उभा घोडा बाजूनं दिसला तर निम्मा मजकूर वाचायची गरज पडणार नाही. ट्रेनर टोपी घालून घोड्याच्या शेजारी हसतोय, असले फोटो मात्र भरपूर.

दुसरी, योजना बदलली तरी टूरचं पान जुनंच राहतं. घोडा शर्यतीतून काढल्याची बातमी ॲपमध्येच दुसरीकडं येते, पण त्या घोड्याच्या नोंदीला जोडलेली नसते. डिसेंबरात पान उघडलं की ऑक्टोबरातला उत्साह जसाच्या तसा. वर्गणी घेता, तर एवढं काम करायला हरकत नव्हती.

तिसरी जाहिरातींची. पैसे भरूनही भाव, बोनस, सट्ट्याच्या कंपन्या. घोड्याच्या नावाशेजारीच भाव चमकतो आणि तोंडाची चव जाते. जाहिराती बंद करायचं बटण आहे, पण त्यानं भाव जात नाहीत.

अंतरं मैल-फर्लांगांत आणि वजनं स्टोनमध्ये असतात, ती बदलून मिळत नाहीत. एक फर्लांग साधारण दोनशे मीटर आणि एक स्टोन सहा किलो साडेतीनशे ग्रॅम धरलं की भागतं. डेनमन या घोड्यानं २००७ आणि २००९ साली न्यूबरीचा त्या वेळचा हेनेसी गोल्ड कप ११ स्टोन १२ पौंड घेऊन जिंकला, हे वाचून कळंबेकराला काही वाटलं नाही. पंच्याहत्तर किलो आणि वर सव्वातीन मैल म्हटल्यावर मात्र त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

वेळाही ब्रिटनच्याच दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यात साडेचार तास मिळवा, त्यानंतर साडेपाच. हिवाळ्यातल्या शर्यती तिकडं दुपारी संपतात, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळ ते जेवणाची वेळ. किंग जॉर्ज रात्री आठच्या सुमारास येते. घरच्यांचा त्रास नको असेल तर २६ डिसेंबरला स्वयंपाक लवकर उरकायला सांगून ठेवा.

घ्यावी कुणी? पैसे लावण्याच्या हेतूनं घेणार असाल तर नका घेऊ, टूर त्या कामाची नाही. घोडा पाळणाऱ्यानं, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यानं आणि इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या शौकिनानं एक हिवाळा जरूर घ्यावी. माझ्याकडून पाचात साडेतीन. पाय दाखवले असते तर चार दिले असते.

वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, तिच्या नादी लागू नका. महिन्याची घ्या, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. कार्डावर परदेशी व्यवहाराचं शुल्क वेगळं लागतं, ते धरून चला. फेब्रुवारी-मार्चमध्ये चेल्टनमच्या बातम्या इतक्या वाहतात की पैसे देऊन वाचायची गरज राहत नाही, म्हणून किंग जॉर्ज आणि सॅव्हिल्स बघून झालं की जानेवारीत बंद करा. बंद करायचं बटण ॲपमध्ये सापडणार नाही, संगणकावरून खात्यात शिरून करावं लागतं. पुढचा हप्ता कापायच्या आधी दोन-तीन दिवस करा, आणि बंद झाल्याचा ईमेल येईपर्यंत ती खिडकी मिटू नका.