शेषाची फणा आणि थेलीझचे पाणी : साताऱ्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

साताऱ्यातील एका वाचनालयाने या पावसाळ्यात सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग घेतला. पुराणकथा आणि रूढी यांच्या आधाराने जगाचा अर्थ लावणारा माणूस तो स्वतःच्या बुद्धीने कसा लावू लागला, हा त्याचा विषय होता, आणि भर मुख्यतः प्राचीन ग्रीसवर होता. शुल्क 600 रुपये, वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ आणि शिकवणाऱ्या बाई महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मी सहाही शनिवार हजर होतो. पुढच्या तुकडीत नाव घालावे की नाही, अशा विचारात जे असतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्याच तासाला बाईंनी ग्रीसचे नाव न घेता विचारले, “भूकंप का होतो, असे तुमच्या घरी सांगत असत?” पाटण तालुक्यातून एसटीने येणारे सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ उठले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेविषयी बोलू लागले. कोयनेचा तो धक्का त्यांनी लहानपणी अनुभवला होता, आणि अंगणात काढलेली रात्र संपायच्या आतच आजीने कारणही सांगून टाकले होते : शेषाने फणा बदलली. बाईंनी फळ्यावर एका बाजूला शेष लिहिला, त्याखाली ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन लिहिला, ज्याला त्यांचे कवी ‘भूमी हादरवणारा’ म्हणत, आणि दुसऱ्या बाजूला मायलीटस या ग्रीक नगरातील तत्त्वज्ञ थेलीझचे नाव लिहिले. पृथ्वी पाण्यावर लाकडासारखी तरंगते आणि ते पाणी हलले की ती हादरते, असे थेलीझचे म्हणणे होते. हे म्हणणे चूक आहे हे वर्गातील प्रत्येकाला ठाऊक होते, आणि तरीही फळ्याच्या मधली रेघ कशासाठी ओढली, हा त्या दीड तासाचा खरा विषय ठरला. शेष रागावला की त्याला दूध दाखवता येते, नवस बोलता येतो. तो चूक आहे असे मात्र म्हणता येत नाही. पाण्याला नवस बोलण्यात अर्थ नसतो, पण ‘मग त्या पाण्याला आधार कशाचा?’ असे विचारता येते. तसे विचारलेही गेले, आणि ते विचारणारा अॅनॅक्झिमँडर थेलीझच्याच गावचा आणि त्याच्याच परंपरेतला होता. पृथ्वीला कशाचाच आधार नाही, ती सर्व बाजूंपासून सारख्याच अंतरावर असल्याने कोणत्याच दिशेला जाण्याचे तिला कारण नाही, असे त्याने सांगितले. गुरूचे म्हणणे खोडणे हा गुरुद्रोह ठरत नाही अशी जागा मायलीटसमध्ये तयार झाली होती, आणि विचाराचा जन्म थेलीझच्या पाण्यापेक्षा या जागेत झाला, असे बाईंचे प्रतिपादन होते. मला ते पटले. (कोयनेच्या त्या भूकंपाचा संबंध भूशास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी जोडतात, तेव्हा पाणी अगदीच निरपराध नव्हते, अशी पुस्ती पाटणच्या गृहस्थांनी जोडली, आणि बाई मनापासून हसल्या.)

दुसरा शनिवार मायलीटसच्याच अॅनॅक्झिमिनीझ या तत्त्वज्ञाचा. सर्व काही हवेपासून झाले आहे, ती विरळ झाली की उष्ण होते आणि दाट झाली की थंड, या त्याच्या म्हणण्याला त्याने दिलेला पुरावा बाईंनी आमच्याकडूनच करवून घेतला. तोंड उघडे ठेवून तळहातावर श्वास सोडा, आता ओठ मिटत आणून फुंकर घाला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत चौदा प्रौढ माणसे गंभीर चेहऱ्याने आपापल्या तळहातांवर फुंकत बसली होती. पहिला श्वास ऊबदार लागतो, दुसरा गार, हे खरेच आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे, हेही खरे. दाबलेली हवा थंड नव्हे तर उष्ण होते, हे सायकलचा पंप मारणारे कोणतेही पोर सांगेल. पण आपले म्हणणे ज्याच्या त्याच्या हातावर तपासून घ्या, असे म्हणण्याची ही तऱ्हा हेसिअड या जुन्या ग्रीक कवीच्या देववंशावळीत नाही. तिथे काव्यदेवता सांगतात आणि कवी ऐकतो.

तिसऱ्या शनिवारी झेनॉफनीझ हा ग्रीक कवी-तत्त्वज्ञ आला. इथिओपियाच्या लोकांचे देव बसक्या नाकाचे आणि काळे, थ्रेसच्या लोकांचे निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे, आणि बैलांना हात असते तर त्यांनी बैलासारखे देव काढले असते, हे त्याचे म्हणणे ऐकून वर्गात थोडी चुळबुळ झाली. एका भगिनींनी आपल्याकडच्या कॅलेंडरावरील लक्ष्मी नेहमी काठापदराच्या साडीत का असते, असे विचारले आणि ताण सैलावला. देव नाकारणे आणि देवाच्या चित्रात आपलाच चेहरा ओळखणे यांतला फरक बाईंनी फार संयमाने उलगडला. झेनॉफनीझने देव सोडला नव्हता. तो माणसासारखा नसलेला एकच श्रेष्ठ देव मानत होता. श्रद्धावान माणसानेही निर्धास्त बसावे असा हा वर्ग आहे, हे आवर्जून नमूद करतो.

चौथ्या शनिवारपासून मात्र घडी विस्कटली. निसर्गाविषयीचा विचार तीन संध्याकाळ निवांत चालला, आणि रूढीविषयीचा, जो माझ्या मते अधिक अवघड आणि आपल्याला अधिक जवळचा आहे, एकाच संध्याकाळी उरकला गेला. इ. स. पू. 594 मधील अथेन्सच्या सोलोनचे कायदे, सर्वांना दिसतील असे लिहून ठेवलेले नियम, सभेत आणि न्यायालयात शेजाऱ्याला पटवून देण्याची गरज, यांतून ‘हे निसर्गाने असे आहे की आपण तसे ठरवले आहे?’ हा प्रश्न कसा उभा राहिला, यासाठी जेमतेम वीस मिनिटे मिळाली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली इराणच्या डरायस राजाची गोष्ट घाईत का होईना, पण आली. त्या राजाने ग्रीकांना विचारले की काय दिले तर मेलेल्या बापाला खाल, आणि बापाला खाणाऱ्या लोकांना विचारले की काय दिले तर त्याला जाळाल. दोघांनीही कानांवर हात ठेवले. या एका गोष्टीवर आमच्याकडे तासभर वाद झाला असता. विचार करायला लागणारा रिकामा वेळ ग्रीकांना गुलामांच्या कष्टांतून मिळाला आणि त्या सभेत स्त्रियांना जागा नव्हती, हे तर शेवटच्या दोन वाक्यांत सांगून झाले.

पाचव्या तासाला सॉक्रेटिस आणि अथेन्सने त्याला मृत्युदंड दिला तो इ. स. पू. 399 चा खटला. बाईंनी टेंभूच्या आगरकरांशी तुलना केली, कारण जिवंतपणी निघालेली त्यांची प्रेतयात्रा इथे सर्वांना माहीत असते. मला ही तुलना सैल वाटली. सॉक्रेटिसने एक ओळही लिहिली नाही, आगरकरांच्या हाती 1888 पासून स्वतःचे वृत्तपत्र होते. एकाला नगराने मारले, दुसऱ्याला नगराने चिडवले. हे मी बोलू लागलो तेव्हा आठ वाजत होते आणि आयोजकांचा माणूस दिवे घालवण्यासाठी दारात उभा राहिला होता. सभागृह वेळेत रिकामे करावे लागते हे मान्य, पण प्रश्न विचारण्याचा इतिहास शिकवणाऱ्या वर्गात प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवू नये, याचे आश्चर्य वाटते.

सहाव्या शनिवारात अख्खा भारत बसवला होता. पाण्यात विरघळलेल्या मिठाने पुत्राला सत्, म्हणजे सर्वांच्या मुळाशी असलेले तत्त्व, समजावून देणारा उपनिषदातील उद्दालक, आणि ज्यांचे विचार मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतूनच आपल्यापर्यंत आले ते जडवादी लोकायतिक, दोघेही धावत येऊन गेले. वाई इथून पस्तीस किलोमीटरवर आहे. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रे शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्याच शास्त्रांचा आधार घेऊन अस्पृश्यतेविरुद्ध युक्तिवाद उभा केला. परंपरेच्या पोटातून चिकित्सा कशी निघते याचे इतके जवळचे उदाहरण असताना त्याचा उल्लेखही होऊ नये, ही माझ्या दृष्टीने या वर्गाची सर्वांत मोठी उणीव आहे.

टिपणांची चाळीस पानी झेरॉक्स पुस्तिका शुल्कातच मिळते. तिच्यात थेलीझचे नाव तीन प्रकारे छापले आहे आणि नकाशात मायलीटस एजियन समुद्राच्या पलीकडे, ग्रीसच्या मुख्य भूमीवर दाखवले आहे. ते आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर होते. चहा बरा असतो, खुर्च्या लोखंडी आहेत, खिडकीकडच्या रांगेत पावसाची झड आत येते.

600 रुपयांत पहिले तीन शनिवार मिळाले असते तरी मी तक्रार केली नसती. नाव घालणार असाल तर ते तीन चुकवू नका, आणि पाचव्या शनिवारी काही विचारायचे असेल तर चिठ्ठीवर लिहून ती साडेसहालाच बाईंच्या टेबलावर ठेवा.