तणाच्या रानावर लॉन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरामागच्या मोकळ्या जागेत लव्हाळा, हरळी आणि गाजर गवत माजलं होतं. तिथे मुलांना अनवाणी पळता यावं म्हणून लॉन केली. आता ती रोजच्या वापरात आहे. माझं ठाम मत झालंय की लॉनचं यश गवतापेक्षा आधीच्या मशागतीवर ठरतं.

गाजर गवत सोपं. फुलोऱ्याआधी, पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटायचं, पण हातमोजे घालूनच, कारण त्याची अ‍ॅलर्जी होते. खरी झुंज लव्हाळ्याशी. त्रिकोणी दांडी ही त्याची खूण. नुसता ओढला तर दांडी हातात येते आणि गाठ मातीत राहते. त्याच गाठीतून तो पुन्हा फुटतो. रोटाव्हेटर (माती उकरून भुसभुशीत करणारं यंत्र) फिरवायचा सल्ला बरेच जण देतात. मी मात्र लव्हाळा आणि हरळी असलेल्या जागेत तो आधी फिरवू नका असंच सांगेन, कारण गाठी आणि हरळीचे तुकडे जागाभर पसरतात.

आम्ही ऐन उन्हाळ्यात जमीन खणून, दगड आणि मुळं वेचून, सपाट करून भिजवली. वर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं आणि कडा मातीत दाबल्या. साधारण 4 ते 6 आठवडे कडक ऊन लागतं. काळ्या कागदापेक्षा पारदर्शक बरा, ऊन आरपार जाऊन माती जास्त तापते. वरच्या थरातलं बरंचसं तणाचं बी याने मरतं. खोलवरच्या गाठी मात्र वाचतात. म्हणून कागद काढल्यावर लगेच गवत लावलं नाही. पाणी दिलं, उगवेल ते उगवू दिलं आणि कोवळं असतानाच खुरप्याने गाठीसकट काढलं. हे पुन्हा पुन्हा केलं. कंटाळवाणं काम आहे, पण आज लॉनमध्ये लव्हाळा क्वचित दिसतो तो याच्याच जोरावर.

मग चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. कच्च्या शेणखतातून तणाचं बी पुन्हा येतं. घरापासून बाहेरच्या बाजूला हलका उतार दिला, त्यामुळे पावसाचं पाणी साचत नाही.

गवत बर्म्युडा निवडलं. ही मुळात हरळीच, फक्त लॉनसाठी निवडलेल्या बारीक पानांच्या जातीची. खेळून तुडवली गेली तरी लवकर भरून येते, म्हणून मुलांच्या घरी मी हीच सुचवेन. कोरियन गवत दिसायला मऊ आणि दाट, पण पसरायला फार वेळ घेतं. बर्म्युडाची उणीव म्हणजे तिला सावली सोसत नाही. झाडाखाली ती विरळच राहिली, तिथे आता आम्ही पालापाचोळ्याचं आच्छादन केलंय.

कापताना एका वेळी गवताच्या पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची उतरवत नाही. मशीनचं पातं बोथट झालं की टोकं फाटून पिवळी पडतात, म्हणून धार वेळेवर लावावी. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा सकाळी भरपूर पाणी द्यावं आणि वरची माती सुकली की मगच पुन्हा. मुळं खोल जातात.

जास्त वर्दळीच्या वाटेवर माती घट्ट होते. तिथे बागकामाच्या काट्याने भोकं पाडून वाळू-शेणखत टाकतो, मुलांना थोडे दिवस दुसऱ्या बाजूला खेळायला पाठवतो, आणि गवत पुन्हा उभं राहतं.