खिशातला टॉर्च: १६३४० सेल की १८६५०?

या दोन सेलवर चालणाऱ्या दोन्ही टॉर्चच्या खोक्यांवर '१००० लुमेन' (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप) असंच छापलेलं असू शकतं. फरक कळतो तो पहिल्या काही मिनिटांनंतर.

१६३४० सेल १६ मिमी जाड, ३४ मिमी लांब. टॉर्च जेमतेम अंगठ्याएवढा होतो, खिशात आहे हेही विसरायला होतं. १८६५० सेल १८ मिमी जाड पण ६५ मिमी लांब, बसताना टोचतोच. मात्र छोट्या सेलमध्ये साधारण ७०० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप), मोठ्यात ३५०० पर्यंत. व्होल्टेज दोन्हीकडे सारखंच, म्हणजे साठा सरळ पाचपट.

खरी अडचण उष्णतेची. एलईडीला दिलेल्या विजेचा बराच भाग उष्णताच होतो आणि ती सामावून घ्यायला छोट्या टॉर्चकडे पुरेसं ॲल्युमिनियमच नसतं. मग हात भाजू नये म्हणून सर्किट प्रकाश आपोआप उतरवतं. मोठा टॉर्चही उतरवतो, पण उशिरा. तांब्याची बॉडी घेतली तर थोडी सवड मिळते, पण तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. मग लहान टॉर्च घेऊन मिळवलं काय?

झोताचा पल्ला सेलपेक्षा रिफ्लेक्टरच्या रुंदीवर ठरतो, तिथे फारसा वाद नाही.

माझा कौल १६३४० ला, कारण तो खरोखर सोबत राहतो आणि १५० लुमेनवर तासभर सहज चालतो. रात्री सलग पायपीट असेल तर मात्र १८६५०च. कुठलाही घ्या, सर्वांत मंद पातळी एक-दोन लुमेनपर्यंत उतरते का, ते आधी बघा.