लेझरची काठी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मला २०१८ साली पार्किन्सन्सचे निदान झाले. हाताच्या कंपाची सवय होऊन गेली. जेरीस आणले ते पाय गोठण्याने. स्वयंपाकघराच्या दारात आलो की तळवे फरशीला चिकटल्यासारखे होतात, वरचे शरीर मात्र पुढे झुकत राहते. गंमत अशी, की कठडा धरून पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी आजही चढतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याचे कारण सांगितले: मेंदूतले डोपामिन हे रसायन कमी झाल्यामुळे आपोआप होणारी चाल अडखळते, पण समोर ओलांडण्याजोगे काही दिसले तर पाऊल जाणीवपूर्वक उचलले जाते. पायरी हे काम आयतेच करते. जुन्या वाड्यातला उंबरठाही करत असावा. आमच्या फ्लॅटला तो नाहीच.

ही काठी तो उंबरठा प्रकाशाने आखते. मुठीजवळचे बटण दाबले की पावलांपुढे हिरवी आडवी रेघ उमटते आणि तिच्या पलीकडे टाच टेकवायची असते. पहिले पंधरा दिवस मी रेघेकडे नुसता पाहत उभा राहत असे. तेव्हा मागून "अहो, ओलांडा" असे सौ. म्हणाली की पाय निघे. आता तिला सांगावे लागत नाही. दारातून, लिफ्टमधून बाहेर पडताना सहसा अडकत नाही आणि संध्याकाळचे फिरणे पुन्हा सुरू झाले आहे. मात्र पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या औषधाच्या गोळीचा असर टिकून असतानाच मी बाहेर पडतो. डाळ-दह्यातील प्रथिने गोळीच्या शोषणात आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतो आणि फिरण्याची वेळ त्यावरूनच ठरते.

उणिवा आहेत. दुपारच्या उन्हात रेघ दिसत नाही आणि चकचकीत टाइल्सवर ती फुटते. बटण तर इतके बारीक आहे, की ते बनवणाऱ्याने कंप असलेला अंगठा कधीच पाहिलेला नसावा. टोक जमिनीवर दाबले की रेघ उमटते अशी काठी मिळत असेल तर तीच घ्यावी. शिवाय ही काठी हलकी असल्याने मी तिच्यावर भार टाकत नाही.

घरापुरते म्हणाल, तर दारापुढे पावला-पावलाच्या अंतराने चिकटवलेल्या रंगीत टेपच्या पट्ट्या मला तितक्याच उपयोगी पडल्या. नातू त्यांवरून लंगडी खेळतो, म्हणून दर महिन्याला नव्या लावाव्या लागतात.