ऑल-स्टारचं कोचिंग: मानाचं पान घ्यावं की सुट्टी?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होतो. त्याचं कोचपद कुणी मागून घेत नाही, ते गुणतक्त्यावरून गळ्यात पडतं. सामन्याच्या साधारण दोन आठवडे आधी आपापल्या विभागात (पूर्व किंवा पश्चिम) ज्यांचा संघ अव्वल, ते कोच सहायकांचा ताफा घेऊन जातात. अट एकच: गेल्या वर्षी गेला असाल तर यंदा नाही. 1982 ते 1990 या नऊ वर्षांत पॅट रायली आठदा पश्चिमेच्या बाकावर होते, म्हणून या अटीला रायलींचंच नाव चिकटलं. याच अटीमुळे 2016 मध्ये गोल्डन स्टेट 48-4 (48 विजय, 4 पराभव) असूनही त्यांचे कोच स्टीव्ह कर घरी राहिले आणि सॅन अँटोनियोचे ग्रेग पॉपोविच टोरांटोतल्या सामन्याला गेले.

मान संघाच्या निकालांना मिळतो, माणसाला नाही, हे 2024 ला उघडंच पडलं. मिलवॉकीने 30-13 अशा स्थितीत कोच एड्रियन ग्रिफिनना काढलं, डॉक रिव्हर्स आले आणि काही दिवसांतच पूर्वेचे ऑल-स्टार कोच झाले. बॉस्टन पुढे होतं, पण त्यांचे कोच जो मझुला आदल्या वर्षी जाऊन आले होते. रिव्हर्सना स्वतःलाच ते विचित्र वाटलं.

आता हिशेब. ऑल-स्टारसाठी मोसमाच्या मध्यात मिळणारी सुट्टी जेमतेम आठवड्याची. शुक्रवारी प्रवास, शनिवारी पत्रकार आणि प्रेक्षकांसमोरचा सराव, रविवारी रात्री सामना (आपल्याकडे सोमवारची सकाळ), सोमवारी परत. मंगळवार-बुधवारी आपल्या संघाचा सराव सुरू. म्हणजे हातात उरतो एखादा दिवस. घरी राहिलेला कोच तेवढ्या वेळात झोप काढतो, झालेल्या पन्नासेक सामन्यांचं चित्रण पाहतो, उरलेल्या पंचवीस-तीस सामन्यांची आखणी करतो. फेब्रुवारीत हा फरक लहान नसतो.

बदल्यात मिळणारं काम कोचिंगपेक्षा पंगतीत वाढण्याच्या जवळचं आहे. संघ तुम्ही निवडत नाही. सुरुवातीचे पाच ठरतात प्रेक्षक (50 टक्के), खेळाडू (25) आणि पत्रकार (25) यांच्या मतांनी. सात राखीव विभागातले सगळे कोच मिळून निवडतात, तेही स्वतःच्या खेळाडूला मत न देता. तुमच्या हाती फक्त मिनिटं. 2024 च्या स्वरूपात चार क्वार्टर बारा-बारा मिनिटांचे होते, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला 240 मिनिटं. सुरुवातीच्या पाचांना 24 दिली की 120 संपली. उरलेल्या सात जणांच्या वाट्याला प्रत्येकी सतरा. तक्ता आधी केला नाही, तर चौथ्या क्वार्टरला कुणीतरी सहा मिनिटं खेळून चेहरा पाडून बसलेला दिसतो. आणि हे सगळे उसने दागिने. 2012 ला ऑरलँडोत ड्वेन वेडच्या फटक्याने कोबी ब्रायंटचं नाक मोडलं. असं झालं की खेळाडू परत द्यायचा असतो दुसऱ्याच्या संघाला.

मैदानावर डावपेचाला वाव जवळपास नसतो. 2024 चा निकाल 211-186. बचाव कुणी करत नसेल तर टाइमआउटमध्ये सांगणार काय? अपवाद 2020 चा. चौथ्या क्वार्टरला घड्याळ काढून 157 गुणांचं लक्ष्य ठेवलं, आणि 157-155 अशा त्या शेवटात फ्रँक वोगेल आणि निक नर्स यांना खरंखुरं कोचिंग करावं लागलं. 2025 ला उलटी गत: आठ-आठ ऑल-स्टारचे तीन संघ, चौथा तरुण खेळाडूंच्या रायझिंग स्टार्स स्पर्धेतला विजेता, सामना 40 गुणांपर्यंत. दोन कोचांचे ताफे चार संघांत वाटले गेले. अंतिम सामना 41-25. जायचं की नाही हे ठरवण्याआधी त्या वर्षीचं स्वरूप पाहावं ते यासाठी.

मग मिळतं काय? बाकावरची माणसं. 2015 ला माइक बुडेनहोल्झर यांनी अटलांटाचे आपले चारही ऑल-स्टार एकत्र मैदानात उतरवले. त्या संघासाठी तो क्षण मोलाचा होता. 2017 ला करसमोर एकमेकांशी अबोला धरलेले केव्हिन ड्युरँट आणि रसेल वेस्टब्रूक होते. पहिल्याच क्वार्टरला दोघे एकत्र खेळले, ड्युरँटने टाकलेल्या उंच पासवर वेस्टब्रूकने डंक केला (चेंडू थेट बास्केटमध्ये दाबला) आणि अख्खा बाक उसळला.

किताबाशी मात्र याचा संबंध लावू नये. 2023 ला मायकल मलोन आणि 2025 ला मार्क डेग्नो ऑल-स्टारचे कोच होऊन त्याच मोसमात किताब जिंकले. पण बुडेनहोल्झरचा संघ 2015 ला विभागीय अंतिम फेरीत 0-4 हरला आणि 2016 ला पॉपोविच 67 विजयांनंतरही दुसऱ्या फेरीत बाहेर पडले.

आमचं मत: पहिल्यांदा मान आला असेल तर जावं, आणि ते सहायकांसाठी. प्रमुखाला नाव असतंच. तिसऱ्या खुर्चीवरच्या सहायकाला मात्र लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंसोबत तीन दिवस काढायची संधी एरवी मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, विशेषतः आपला एकही खेळाडू त्यात नसेल तर, सुट्टीचं पारडं जड. तेव्हा केवळ या मानासाठी जानेवारीअखेर मुख्य खेळाडूंना जादा मिनिटं रेटणं हा शुद्ध तोट्याचा व्यवहार.

जाणार असाल तर एक सहायक घरीच ठेवा, चित्रणाचं काम त्याच्याकडे. मिनिटांचा तक्ता शनिवारच्या सरावाआधी तयार हवा आणि कुणाचा घोटा किंवा गुडघा दुखतोय याची नोंद त्यालाच जोडलेली असावी. स्वतःच्या खेळाडूला वीसच्या वर मिनिटं देऊ नका. बुधवारचा सराव हलका ठेवा.