ह्यूस्टनमधील फर्निश्ड खोली: रात्रपाळीच्या नर्सचा अनुभव

टेक्सास मेडिकल सेंटरमधील एका रुग्णालयात तेरा आठवड्यांच्या कंत्राटावर ट्रॅव्हल नर्स (घरापासून दूरच्या रुग्णालयात ठरावीक काळ काम करणारी नर्स) म्हणून काम करताना मी ह्यूस्टनमधील एका घरात फर्निश्ड खोली भाड्याने घेतली होती. वीज, पाणी आणि इंटरनेट धरून महिना १,२०० डॉलर भाडे, ५०० डॉलर अनामत, न्हाणीघर स्वतंत्र आणि स्वयंपाकघर सामायिक असा व्यवहार ठरला. राहण्यासाठी मिळणारा भत्ता करमुक्त हवा असेल, तर मूळ घराचा खर्चही चालू असावा लागतो. त्यामुळे अटलांटातील घराचे भाडे भरता भरता इथले भाडे त्या भत्त्यात बसवणे भाग होते, आणि त्या मानाने ही खोली महाग नव्हती.

जाहिरातीतील छायाचित्रांत पलंगावरच्या उशाच नजरेत भरत होत्या. माझी पाळी मात्र संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी असल्याने मला हवा होता तो दिवसाढवळ्या अंधार. घरमालकीणबाईंनी ब्लॅकआउट पडदे लावले होते, हे खरे. पण दोन्ही कडांना दोन-दोन बोटांची फट राहत असे आणि नऊच्या सुमारास उन्हाचा पट्टा नेमका डोळ्यांवर येई. सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी टोके भिंतीकडे वळलेला दांडा आणून बसवला आणि खोलीत खरोखरीचा काळोख झाला. आधी चार-पाच नर्स राहून गेल्या होत्या, तरी हे कोणी बोलले कसे नाही, याचे मला नवल वाटले.

एसीचा प्रश्न मात्र लवकर सुटला नाही. थर्मोस्टॅट संपूर्ण घराला एकच होता, आणि बाई सकाळी कामाला निघताना वीज वाचवण्यासाठी तो ८० फॅरनहाइटवर (सुमारे २७ सेल्सिअस) नेऊन ठेवत, म्हणजे नेमका माझ्या झोपेच्या वेळी. ह्यूस्टनच्या दमट हवेत त्या तापमानाला झोप लागत नाही. दोन आठवड्यांच्या बोलण्यानंतर ७४ वर (सुमारे २३ सेल्सिअस) तडजोड झाली. ही गोष्ट करारनाम्यातच लिहून घ्यायला हवी होती, ही चूक माझी.

करारनाम्यातील एका कलमासाठी मात्र मी या खोलीची शिफारस करीन. रुग्णालयाने कंत्राट मध्येच संपवले, तर त्याचे पत्र दाखवून दोन आठवड्यांच्या सूचनेवर खोली सोडता येईल आणि उरलेल्या महिन्यांचे भाडे लागणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. अशी कंत्राटे ऐनवेळी रद्द होतात, हे या कामातील प्रत्येकीला ठाऊक असते. तरीही हे कलम सहसा मागून घ्यावे लागते. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम बाई स्वीकारत नाहीत, कारण टेक्सासमध्ये त्यावर राज्याचा ६ टक्के हॉटेल कर लागतो.

गाडी नसली तरी अडत नाही. रेड लाइन या शहरी रेल्वेचे स्थानक पायी आठ मिनिटांवर असून तिकीट सव्वा डॉलर आहे. स्वयंपाकघरातील धुराचा अलार्म शेगडीच्या फार जवळ असल्याने मोहरी तडतडली की तो वाजतो. फोडणी देण्यापूर्वी पंखा लावून खिडकी उघडावी.

खोली सोडल्यानंतर दहा दिवसांत अनामत परत मिळाली, त्यातून नॉनस्टिक तव्याचे वीस डॉलर कापून. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या तव्यावर मी भाकरी भाजल्या होत्या.